चहाचं तेवढं बघ

शालनबाईंनी उभ्या नोकरीत पोरांवर छडी उगारली नाही. चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला कुणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील. सदतीस वर्षं नोकरी झाली, मध्ये दोनदा बदली झाली आणि बाई फिरून वस्तीवरच्या त्याच शाळेत आल्या. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. दुसरे गुरुजी येत-जात राहिले, बाई मात्र राहिल्या. आजूबाजूची शेतं गेली, कंपन्या आल्या, ज्यांच्या बांधावरून बाई चालत यायच्या त्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. शाळेत गावची पोरं कमी आणि परभणी-लातूर-वाशिमकडची जास्त झाली. बाईंना सगळी सारखीच. कुणाचं नाक पुसायचं, कुणाला घरून भाकरी आणायची, ताप आला तर स्कूटीवर बसवून दवाखान्यात न्यायचं. बाईंचं नाव होतं, आणि खोटं कशाला बोला, त्या नावाचा बाईंना अभिमानही होता.

आता मे अखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. गावानं निरोप समारंभ ठरवला होता. आचारी कोण, मंडप कुणाचा, हारतुरे कुणाकडं, हे सगळं फेब्रुवारीतच ठरून गेलं होतं. रुपालीनं तर आधीच बजावून ठेवलं होतं, "बाई, त्या दिवशीचा चहा माझ्याकडं हं. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही."

ही रुपाली कोण, ते आधी सांगायला हवं.

अठरा वर्षांपूर्वी ती दुसरीत दाखल झाली. बाप गंगाखेडकडचा, एका गोदामावर वॉचमन, आई कौशल्याबाई कंपनीच्या कँटीनमध्ये भांड्याला. पोर काळीसावळी, डोळे टपोरे, आणि कान असा की विचारू नका. बाईंनी कविता एकदा म्हटली की रुपालीची पाठ. गोष्ट सांगितली तर दुसऱ्या दिवशी बाईंनी गाळलेलंसुद्धा ती आठवून द्यायची. पहिले दोन महिने बाई खूश होत्या. पोरगी पुस्तक समोर धरून घडाघडा वाचायची. मग एक दिवस बाईंचं लक्ष तिच्या बोटाकडं गेलं. तोंड धड्याच्या शेवटाला पोचलं होतं आणि बोट अजून पहिल्या ओळीवरच होतं.

बाईंनी तिला जवळ बसवून न पाहिलेलं पान वाचायला दिलं. तेव्हा कळलं. 'पाणी' हा शब्द वरच्या ओळीत तिनं कसाबसा जुळवला, आणि दोन ओळी खाली तोच शब्द आला तर जन्मात पाहिला नसल्यासारखी त्याच्याकडं बघत बसली. भ आणि म, घ आणि ध, तिला काही केल्या वेगळे दिसेनात. बाईंनी परोपरीनं सांगितलं, हजार वेळा गिरवून घेतलं. शाळा सुटल्यावर थांबवलं, तरी रोज पाटी कोरी ती कोरीच. "बाई, मला येईना," एवढंच म्हणायची आणि मान खाली घालायची. बाकीची पोरं काय गप्प बसणार? ढब्बू म्हणायला लागली. वाचायला उभी राहिली की मागून खुसखुस सुरू व्हायची, आणि रुपालीच्या हातातलं पुस्तक थरथरायचं.

बाईंना ते बघवलं नाही. त्यांच्या जागी दुसरा असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. बाई म्हणाल्या, "राहू दे गं रूपे. जा, चहाचं तेवढं बघ."

शाळेमागं खिचडीची शेड होती, तिथं गॅस होता. रुपाली पळाली. दहा मिनिटांनी दोन कप घेऊन आली, आलं किसून घातलेलं, साखर बेताची. तिचा चेहरा असा फुललेला होता की बाईंना वाटलं, चला, सुटलं कोडं.

त्या दिवसापासून तो पायंडाच पडला. वाचनाचा तास आला की रुपाली चहाला. श्रुतलेखन असलं की रुपाली टाकी भरायला. घंटा तिनं द्यायची, फुलझाडांना पाणी तिनं घालायचं, शाळेच्या किल्ल्या तिच्या हातात. ढब्बू म्हणणारी पोरं तिला वचकून राहायला लागली. आणि केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले की बाई तिला सकाळीच सांगून ठेवायच्या, साहेबांचा चहा-नाष्टा तुझ्याकडं. साहेब वर्गात पोरांना उभं करून वाचून घ्यायचे तेव्हा रुपाली शेडमध्ये पोहे परतत असायची. शाळेला अ श्रेणी मिळाली. साहेब चहाचं कौतुक करून गेले. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरीची अब्रू राहिली, शाळेचीही राहिली.

चौथीच्या शेवटी कौशल्याबाई भेटायला आली. पदर दोन्ही हातांनी धरून उभी. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि मनापासून, अगदी मायेनं सांगितलं, "पोरगी गुणाची आहे. हाताला चलाख आहे. पण डोक्याचं काम तिला नाही जमायचं. तुम्ही उगाच तिच्या मागं लागू नका. शिवण शिकवा, कामाला लावा, पोरगी उपाशी राहायची नाही."

"तुमी सांगायल्यात म्हणल्यावर तसंच करू, बाई," कौशल्याबाई म्हणाली. बाईंचा शब्द म्हणजे त्या माउलीला काळ्या दगडावरची रेघ. पुढं मोठ्या शाळेत रुपाली सातवीपर्यंत कशीतरी गेली, तिथं मार खाल्ला, मग सुटली. अठरा पुरी झाली तसं नवनाथशी लग्न झालं. नवनाथ टेम्पो चालवतो, माणूस सरळ आहे. आणि रुपाली चाकणला गाड्यांच्या वायरी गुंफणाऱ्या कंपनीत लागली. रस्त्यात बाई दिसल्या की चपला काढून पाया पडायची. बाई घरी जाऊन नवऱ्याला, मारुतरावांना सांगायच्या, "बघा, पोरीचं कसं छान झालं."

इथवर सगळं गोडच होतं. मग आलं ते प्रशिक्षण.

प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या. सही करायची, फोटो काढायचा, थंड वडा खायचा आणि घरी यायचं. निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या बाईंना तर सगळे चिडवत होते, आता काय पेन्शनीला शिकवणार का म्हणून. तालुक्याच्या गावी, एका हॉलमध्ये, दोन दिवसांचं. शिकवायला साधना नावाची विशेष शिक्षिका, वय असेल अठ्ठावीस-तीस. तिच्यावर तीन केंद्रांतल्या सगळ्या शाळांची जबाबदारी. बाईंनी मागची खुर्ची धरली आणि विणकाम काढलं.

साधनानं एकेक कागद वाटला. "बाई, तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ. तुम्हीच वाचा ना," ती शालनबाईंना म्हणाली. बाई चष्मा लावून उभ्या राहिल्या. कागदावर मराठीच होतं, पण अक्षरं मुद्दाम उलटसुलट केलेली, एकाच्या जागी दुसरं छापलेलं, शब्द मध्येच तोडलेले. बाई अडखळल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळल्या. साधनानं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. "लवकर, बाई. हे तर पहिलीच्या पोराला येतं. घरी अभ्यास करत नाही वाटतं?" हॉल हसला. बाईंनीही हसायचा प्रयत्न केला, पण कानशिलं तापली होती आणि कागद हातात थरथरत होता. पुढची ओळ तर अजिबातच सुधरेना.

मग साधना जवळ आली, आवाज मऊ केला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही जरा बाहेर चहा आलाय का ते बघा."

हा खेळाचाच भाग होता, ते तिनं नंतर सांगितलं. पण बाई खरंच उठून दारापर्यंत गेल्या. चहाच्या थर्मासपाशी उभ्या राहिल्या. सुटले बाई एकदाची, असं वाटलं त्यांना. जीव भांड्यात पडला. आणि तशाच उभ्या उभ्या त्यांना तो फुललेला चेहरा आठवला, आल्याचा वास आठवला. पोरगी त्या दिवशी खूश नव्हती झाली, नुसती सुटली होती. दोन्हीतला फरक बाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी, चहाच्या थर्मासपाशी कळला.

आत साधना सांगत होती. काही मुलांच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची गाठ घालायला वेळ लागतो, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यांची बुद्धी कमी नसते. ऐकून ती पटकन शिकतात, हातानं छान करतात, पण तोच शब्द पुन्हा समोर आला तरी ओळखू येत नाही. वेगळ्या पद्धतीनं, हळूहळू, लहानपणापासून शिकवलं तर ती वाचायला लागतात. परीक्षेत त्यांना जास्तीचा वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक खूण म्हणजे रुपालीच. नाव तेवढं सांगायचं राहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी साधनाला गाठलं. "मोठेपणी येतं का गं?"

"येतं, बाई. उशिरा येतं, कष्टानं येतं. लहानपणी त्यामानानं सोपं जातं."

"आणि वेगळ्या पद्धतीनं म्हणजे कसं शिकवायचं?"

"ते उद्या. उद्याचा पूर्ण दिवस त्यालाच ठेवलाय."

तो उद्या काही आला नाही. रात्रीच ग्रुपवर निरोप पडला, सगळ्या शिक्षकांना मतदार याद्यांच्या कामाला लावलंय, दुसरा दिवस रद्द, पुढची तारीख कळवण्यात येईल. खाली शंभर अंगठे. बाईंनी तेवढा अंगठा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मारुतरावांना सगळं सांगितलं. मारुतराव जुन्या वळणाचे, कमी बोलणारे. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "झालं ते झालं. तू काय जाणूनबुजून केलं न्हाई. आता अठरा वर्सांनी तिला सांगून काय उपयोग? सुखात हाय ती पोर. उगा कशाला तिच्या डोक्याला भुंगा लावती?"

"तिला अजून वाटतंय, आपण ढ आहोत."

"वाटू दे की. त्यानं तिचं काय अडलंय?"

तीन दिवस तसंच चाललं. वर्गात कुणी वाचताना अडखळलं की 'राहू दे' हे दोन शब्द बाईंच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. शेवटी त्यांनी ठरवलं. निरोप समारंभात त्या पोरीनं सगळ्या गावाला चहा पाजायच्या आत तिला खरं सांगायचं. तिला सांगायचं, की तू ढ नव्हतीस, चूक माझी होती. एवढं झालं की मग निवृत्त व्हायला आपण मोकळ्या, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. शाळा सुटल्यावर बाई स्कूटी घेऊन निघाल्या. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत चाळीपाशी पोचल्या. दहा खोल्या ओळीनं, प्रत्येकीसमोर ड्रम आणि चपलांचा ढीग. रुपाली दारातच कपडे वाळत घालत होती. बाईंना बघून ओल्या हातांनीच पाया पडली.

"या की, बाई. अगंबाई, आज कशी वाट चुकली? विजू, बाईंसाठी चहा टाक बाळा."

आतून सहा वर्षांची एक पोरगी आली, स्टुलावर चढली, गॅसपाशी पातेलं ठेवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"गॅस मी लावते, बरं का. बाकी सगळं करती," रुपाली कौतुकानं म्हणाली. "विजयश्री. पहिलीत हाय. पण माझ्यावर गेली, बाई. पुस्तक काढलं की पोट दुखतंय म्हणती. कविता सगळ्या तोंडपाठ, अक्षर म्हणून येईना. इकडं चाळीजवळच्या शाळेच्या मॅडम तिला उठाबशा काढायला लावायच्या. मी गेले तिथं. मी म्हणलं, मॅडम, शिक्षा करून काही व्हायचं नाही, तिचं डोकंच तसलं हाय. आमच्या बाई होत्या, त्या वाचायला लावायच्याच नाहीत, काम सांगायच्या. तुम्ही पण तसंच करा. आता पाणी भरती, फळा पुसती. खूश हाय पोरगी."

बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि घरी जावं. पण ज्यासाठी आल्या होत्या ते आता एका पोरीपुरतं राहिलं नव्हतं. त्यांनी रुपालीचा हात धरून तिला कॉटवर बसवलं आणि सगळं सांगितलं. प्रशिक्षण, तो कागद, तो थर्मास, डिस्लेक्सिया. काही राखून ठेवलं नाही. "तू ढ नव्हतीस, रूपे. तुला वेगळं शिकवायला हवं होतं. मला ते माहीत नव्हतं. मी तुझ्या आईला चुकीचं सांगितलं."

रुपाली ऐकत होती. आधी हसरी होती, मग हसू विरत गेलं. बाहेर कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला.

"म्हणजे मला आलं असतं?" तिनं विचारलं.

"आलं असतं."

"सगळ्यांसारखं?"

"जरा उशिरा. पण आलं असतं."

रुपाली आपल्या हातांकडं बघत राहिली. "कंपनीत मला दोनदा लाइन लीडर करत होते. बोर्डावर वायरी लावायला माझ्याएवढा हात कुणाचाच चालत नाही. नवीन पोरींना मीच शिकवते. पण लीडरला शिफ्टचा रिपोर्ट लिहावा लागतो. मी म्हणलं, मला नको, घरी लहान मूल हाय. दोन्ही वेळा खोटं बोलले. मी जिला शिकवलं ती आता माझ्यावर लीडर हाय." ती थांबली. "नवनाथला अजून माहीत नाही, मला वाचता येत नाही ते. लग्नाला सात वर्सं झाली. त्याचा मेसेज आला की मी मैत्रिणीकडून वाचून घेते."

"मला माफ कर," बाई म्हणाल्या.

"माफ काय करायचं, बाई." तिचा आवाज चढला नव्हता, उलट आणखी खाली गेला होता. "मोठ्या शाळेत मार खाताना मी मनात म्हणायचे, ह्यांचं काय चुकलं, आपण ढच आहोत. त्यानं सोसायला बरं पडायचं. आणि वाटायचं, एक बाई तरी होत्या, ज्यांनी आपल्याला ढ असून जीव लावला. तेवढंच होतं माझ्यापाशी शाळेचं. आता तुम्ही म्हणता मी ढ नव्हते, आणि तुम्ही पण..." पुढचं तिनं गिळलं.

शालनबाईंना मारुतरावांचे शब्द आठवले. आपण हिला काहीतरी द्यायला आलो असं समजत होतो, आणि होतं तेही काढून घेतलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. कुणापुढं लपवायचं आता?

विजयश्री स्टीलचा कप दोन्ही हातांत धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक पाऊल टाकत आली. एक थेंब सांडू दिला नाही. "बाई, चहा," ती म्हणाली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

रुपालीनं तो कप तिच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. "चहा राहू दे. दप्तर आण तुझं."

पोरीचा चेहरा पडला. "आई, पोट दुखतंय."

"दुखू दे. आण."

तिनं दप्तर आणलं. पुस्तक कोरं करकरीत होतं, कुठंही मळलेलं नाही. रुपालीनं ते उघडून शालनबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पोरीला त्यांच्यापुढं बसवलं. "माझं गेलं, बाई, ते गेलं. हिला शिकवा. तुम्ही म्हणता तसं, वेगळ्या पद्धतीनं. मी पण इथंच बसते, मी पण बघते."

बाईंनी पान नीट केलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला. विजयश्री पोट धरून बसली होती, आणि तिच्यामागं रुपाली, दुसरीत बसायची तशी मांडी घालून. दोघी त्यांच्याकडं बघत होत्या. बाईंनी साधनाला फोन लावला. ती कुठल्यातरी दूरच्या शाळेत होती, म्हणाली, "बाई, दुसऱ्या दिवसाची तारीख अजून आलेली नाही. जूनमध्ये होईल बहुतेक."

जूनमध्ये बाई शाळेत नसणार होत्या. त्यांनी फोन खाली ठेवला. सदतीस वर्षांत हजारभर पोरांना त्यांनी याच पानावरून शिकवलं होतं, ते पान त्यांना डोळे मिटून म्हणता आलं असतं. पण या पोरीला ते कुठून सुरू करायचं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई," रुपाली म्हणाली, "सुरू करा की."

शालनबाईंनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि त्यांना पुढचं काही येईना.